गवताची गाडी, दोन खेपा

मला चित्रातलं कळत नाही, भरलेल्या गाडीतलं कळतं. एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलो. ट्रक, ट्रॅक्टर, टायरगाड्या, सगळं समोरून गेलं. गाडी लांबून येताना बघितली तरी आत किती माल आहे याचा अंदाज यायचा आणि तो फारसा चुकायचा नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या बॉशच्या 'गवताची गाडी' या चित्राविषयी लिहायला बसलोय, त्यात माझी पात्रता एवढीच समजा. त्या चित्रात एक गाडी आहे.

मुलगा तिकडे नोकरीला. पहिले चार दिवस त्यानं आम्हा दोघांना शहर दाखवलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्याची मीटिंग निघाली, म्हणून आम्हाला संग्रहालयाच्या दारात सोडून गेला. जाताना म्हणाला, "अप्पा, आत गेल्यावर एल बॉस्को कुठं आहे ते विचारा. बॉश म्हणालात तर समोरच्याला लगेच कळेलच असं नाही." हा सल्ला लाखमोलाचा निघाला. हिएरोनिमस बॉश हा मूळ आजच्या नेदरलँड्समधला चित्रकार, पण स्पेननं त्याला इतकं आपलंसं केलंय की तिथं तो एल बॉस्को म्हणूनच ओळखला जातो. तळमजल्यावर ५६ अ क्रमांकाचं दालन. मी दारावरच्या बाईंना नुसतं "एल बॉस्को" म्हणालो, त्यांनी हात केला, आम्ही पोचलो.

तिकीट १५ युरो. सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ आणि रविवारी ५ ते ७ या वेळात फुकट. परदेशात गेल्यावर प्रत्येक गोष्टीचे रुपये करायची खोड असते, ती मला आहेच, त्यामुळे पहिली खेप फुकटातली. रांग मारुतीच्या शेपटीसारखी, पण सरकते भराभर. आत फोटो काढू देत नाहीत. हे मला आवडलं. फोन खिशात राहिला की माणूस नाइलाजानं का होईना, समोर बघतो.

दालनात गर्दी होती, पण या चित्रापुढे नव्हती. त्याच दालनात बॉशचं ते जगप्रसिद्ध 'ऐहिक सुखांची बाग' आहे, सगळी झुंबड तिकडे. मीही डोकावून आलो. एवढी नागडी माणसं, एवढाल्या स्ट्रॉबेऱ्या, आणि एकाच्याही कपाळावर घाम नाही. मन रमेना. 'गवताची गाडी' मात्र बाजूला निवांत उभी. तिच्यापुढे पाय दुखेपर्यंत थांबलं तरी मागून कुणी "सरका" म्हणत नाही.

चित्राची ठेवण देवघराच्या उघड्या दारांसारखी. मधे एक फळी, दोन्ही बाजूंना तिच्यावर मिटणारी दारं, आणि चित्र सगळीकडे, दारांच्या पाठीवरसुद्धा. ओक लाकडाच्या फळ्यांवर तैलरंग. उंची साधारण १३५ सेंटिमीटर, मधला भाग रुंदीला जवळपास मीटरभर. ऐकून होतो त्यावरून मला वाटलं होतं की भिंतभर असेल. तसं नाही, वाकून बघायचं चित्र आहे. काळ १५१२ ते १५१५ च्या दरम्यानचा. १५१६ च्या ऑगस्टमध्ये बॉश गेला, म्हणजे ही त्याच्या अखेरच्या वर्षांतली कामगिरी. मधल्या फळीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात त्याची सही आहे, ती शोधून बघा. अक्षर वळणदार आहे, कोरल्यासारखं.

आता गाडी. वाळलेल्या गवतानं शिगोशीग भरलेली, माणसांच्या डोक्यांवरून कितीतरी उंच. चार चाकांची, त्यामुळे उलार व्हायची भीती नाही. भरण झकास. मी सवयीनं आधी पुढे बघितलं, धुरकरी कोण आहे ते. धुरकरी नाही. बैल नाहीत, घोडे जुंपलेले नाहीत. गाडी ओढतायत ती अर्धी माणसं, अर्धी जनावरं: कुणाचं अंग माशाचं, कुणाचं तोंड भलत्याच प्राण्याचं. कासरा कुणाच्याच हातात नाही. गाडी डावीकडून उजवीकडे चाललीय आणि उजव्या दारावर नरक रंगवलाय. एवढ्या शेकड्यानं माणसं गाडीभोवती आहेत, पण ही निघालीय कुठं असं विचारणारा एक नाही. काट्यावर अशी गाडी आली असती तर मी आधी धुरकऱ्याच्या नावानं शंख केला असता. इथं शंख करायलाही कुणी नाही.

गाडीभोवती जे चाललंय ते सांगायला मला कुठल्या पुस्तकाची गरज नाही. बॉशच्या मुलखात एक जुनी म्हण आहे म्हणे: जग म्हणजे गवताची गंजी, ज्याला जेवढं उपटता येईल तेवढं त्यानं उपटावं. मुलानं मला ती मोबाइलवर वाचून दाखवली तेव्हा मी हसलो. हंगामात उसाची गाडी रस्त्यानं निघाली की काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. शाळेतली पोरं मागून पळत येऊन कांडं ओढतात. सायकलवरचा मास्तर इकडेतिकडे बघून एक ओढतो. मीही लहानपणी ओढलेत, आणि एकदा गाडीवानाचा चाबूक पाठीवर खाल्लाय. त्यात कुणाला पाप वाटत नाही, कारण गाडी भरलेली असते, एका कांड्यानं काय होतंय?

बॉशनं तेवढीच गोष्ट घेतली आणि तिला सोडून दिलं, उताराला चाक सोडावं तसं. आधी हातानं ओढणारे आहेत. मग लांब काठीला आकडा लावून ओढणारे. मग शिडी लावून वर चढणारे. मग एकमेकांच्या झिंज्या धरणारे. मग चाकाखाली गेलेले. आणि अगदी पुढे, आपल्या नजरेच्या रेषेत, एकानं दुसऱ्याच्या अंगावर बसून त्याचा गळा चिरायला घेतलाय. कशासाठी? मूठभर गवतासाठी. आमच्याकडे दुष्काळात वैरणीचे भाव काय होतात ते मी बघितलंय, तेव्हा गवताला किंमतच नसते असं मी म्हणणार नाही. पण मधल्या फळीवर गवत खाणारं जनावर मला एकही सापडलं नाही. घोडे आहेत, ते राजे वाहण्यात गुंतलेत. गवत ओढतायत ती सगळी माणसं, आणि माणूस गवत खात नाही.

राजांचं सांगायचं राहिलं. गाडीच्या मागे डावीकडे घोड्यांवर पोप आहे, सम्राट आहे, राजा आहे, त्यांच्यामागे लवाजमा. ते अजिबात झोंबत नाहीत. कुणाच्या हातात आकडा नाही, कुणाची टोपी वाकडी झालेली नाही. शांतपणे चाललेत. पहिल्यांदा बघताना मला वाटलं, चला, निदान ही मंडळी तरी सभ्य दिसतायत. मग ध्यानात आलं की गाडी त्यांचीच आहे. आपल्याच गाडीतून कांडं कोण ओढतो? ही वरात मला चित्रातली सगळ्यात अवघड जागा वाटली. गळा चिरणारा लगेच दिसतो, त्याला बघून सगळे हळहळतात. घोड्यावरच्यांकडे बघून कुणी हळहळत नाही.

गंमत पुढे आहे. हे चित्र स्पेनच्या राजानंच विकत घेतलं. दुसरा फिलिप. फेलिपे दे गेवारा नावाचा त्याच्या दरबारी वर्तुळातला एक माणूस बॉशच्या चित्रांचा मोठा चाहता होता; तो वारल्यावर त्याच्या वारसांकडून राजानं १५७० मध्ये बॉशची चित्रं खरेदी केली, त्यांत ही गाडी होती. १५७४ मध्ये ती एस्कोरियालला गेली, म्हणजे राजाचा राजवाडा आणि मठ एकत्र आहे तिथं. त्याच सुमाराला त्याच राजाची फौज बॉशच्या मुलखात बंड मोडायला उतरलेली होती. एका बाजूला ती लढाई, दुसऱ्या बाजूला भिंतीवर ही गाडी. राजा तिच्यापुढे उभा राहत असेल तेव्हा घोड्यावरच्या त्या तिघांकडे बघून त्याच्या मनात काय येत असेल, हा प्रश्न मला रात्री झोपेपर्यंत पुरला. बहुतेक काही येत नसेल. राजे लोक चित्रात स्वतःला शोधत नाहीत.

आमची ही मात्र चित्रात शिरली की थेट माणसांत जाते. मी वर पोप-सम्राट बघत होतो, ती खाली डाव्या बाजूला वाकली आणि म्हणाली, "अहो, ही बघा. एवढा गोंधळ चाललाय आणि हिला पोराचं ढुंगण धुवायचंय." खरंच, गाडीच्या दंग्यापासून चार हात अंतरावर बायका बसल्यात, एकीच्या मांडीवर मूल पालथं, तिचं काम चालू. शेजारी एक बाई दुसरीचा हात बघून भविष्य सांगतेय. जरा पुढे दात काढणारा वैदू, समोर टेबल मांडून, आणि त्याच्या कमरेच्या बटव्यातून गवत बाहेर आलंय. लोकांच्या तोंडात हात घालून त्यानं आपला वाटा बसल्या जागी मिळवला. हिला ती धुणारी बाई फार आवडली. म्हणाली, "या सगळ्यात हीच एक शहाणी." मी मान डोलावली. पंडित लोक त्या बाईचा वेगळा काही अर्थ लावत असतील, आम्ही आमचा लावला.

मग उजव्या कोपऱ्यात तिला तो साधू दिसला. साधू म्हणजे ख्रिस्ती मठातला, झग्यातला. पोट सुटलेलं. खुर्चीत ऐसपैस बसलाय, हातात पेला. त्याच्यासमोर जोगिणी पोत्यात गवत भरतायत. तो कुणाशी भांडत नाही, गाडीजवळ जात नाही, मान वर करून गाडीकडे बघतसुद्धा नाही. पोतं आपोआप भरतंय. ही हसून म्हणाली, "हा अगदी तुमच्यासारखा बसलाय हो. काट्यावरच्या खुर्चीत तुम्ही असेच बसायचात, चहाचा कप घेऊन."

तिनं सहज म्हटलं. बसण्याच्या ढबीवरून म्हटलं. मला पुढची पाच मिनिटं बोलता येईना.

इथं लिहायला हरकत नाही, आता निवृत्तीलाही बरीच वर्षं झाली. मी होतो तिथला काटा सरळ नव्हता. कुठला कारखाना ते सांगत नाही, टनामागे किती तेही सांगत नाही. काटा मी लावलेला नव्हता. लावणारे मोठे होते, त्यांच्या गाड्या काचा वर करून आवारात यायच्या. मी फक्त पावती फाडत होतो. शेतकरी पावती घ्यायचा, आकडा बघायचा, एकदा माझ्याकडे बघायचा आणि घडी घालून खिशात ठेवायचा. दिवाळीला मला गुळाची ढेप यायची, हंगाम संपताना मिठाईचा डबा. मी कुणाकडे कधी मागितलं नाही. पोतं आपोआप भरत होतं.

हे सगळं पाचशे वर्षांपूर्वी कुठल्या दूरच्या गावात बसलेल्या माणसाला कुठून कळलं असेल? तो काही रानटी, वेडसर माणूस नव्हता. आजोबा चित्रकार, बाप चित्रकार. श्रीमंत घरात लग्न झालेलं. घराण्याचं नाव वान आकेन, पण यानं गावावरून बॉश लावलं. गाव देन बॉस. तिथल्या मेरीमातेच्या भक्तमंडळाचा तो १४८६-८७ पासून सभासद होता, म्हणजे गावातला प्रतिष्ठित, पंगतीला पुढे बसणारा गृहस्थ. असल्या माणसाला मंडळाचे हिशेब, वर्गण्या, कोण किती खातं हे जवळून दिसत असणार. माझी खात्री आहे की तो खुर्चीतला साधू त्यानं कल्पनेतून काढलेला नाही.

गवताच्या ढिगावर एक वेगळीच मैफल चाललीय. एक जोडपं, एक वीणेसारखं वाद्य वाजवणारा, गाण्याचा कागद धरलेली बाई, झुडपामागे चुंबन घेणारं आणखी एक जोडपं. खाली माणसं मरतायत, वर गाणं. त्यांच्या एका बाजूला निळसर भूत, त्याचं नाकच पिपाणीसारखं, ते साथ करतंय. दुसऱ्या बाजूला देवदूत, गुडघ्यावर, हात जोडून वर बघतोय. वर ढगात ख्रिस्त आहे, हात पसरून जखमा दाखवणारा. एवढ्या सगळ्या चित्रात वर बघणारा हा एकटा देवदूत. मी माणसांची डोकी एकेक करून तपासली. एकाचीही मान वर नाही. घुबडसुद्धा आहे फांदीवर, तेही वर बघत नाही.

याच दालनात बॉशच्या नावावरचं 'सात पापांचं मेज' आहे, तेही एस्कोरियालहूनच आलेलं, फिलिपच्या खासगी खोलीत असायचं. त्यात मधोमध देवाचा डोळा आणि लॅटिनमध्ये इशारा: सावध, सावध, देव बघतोय. ते बघून मला शाळेतल्या हेडमास्तरांच्या खोलीची आठवण झाली. तिथं देव बघतो म्हणून भीती. गाडीच्या चित्रात देव बघतोच आहे, जखमा उघड्या करून बघतोय, आणि कुणाला काही फरक पडत नाही. मला हे जास्त खरं वाटलं. जाता जाता एक: त्यांची पापं सात, आपले रिपू सहा. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर दोन्हीकडे सारखे. त्यांच्याकडे खादाडपणा आणि आळसही यादीत आहेत. आळस आपल्याकडे रिपूंत धरलेला नाही, याचं दुपारी जेवण झाल्यावर मला नेहमी बरं वाटतं.

बाजूची दारं. डावं दार मी लवकर उरकलं. वर आकाशातून बंडखोर देवदूत खाली पडतायत, पडता पडता किड्या-पाखरांसारखे झालेत. दिव्याभोवतीच्या पंखवाल्या मुंग्या आठवतात. त्याच्याखाली आदमच्या बरगडीतून ईव्ह, मग सर्प, मग बागेतून हाकलणं. बारकावा सुरेख, पण मधल्या फळीची गर्दी बघून आलेल्या डोळ्यांना ही कथाकीर्तनातली पूर्वपीठिका वाटते. ज्यांना ती कथा घरची आहे त्यांना वेगळं वाटत असेल.

उजवं दार मात्र सोडू नका. नरक म्हटल्यावर आपण उकळत्या तेलाची कढई धरून बसतो. इथं मागे आग आहे, होरपळलेले अवशेष आहेत, माणसांना छळणारी भुतं आहेत, ते सगळं आहेच. पण मधोमध भुतं चक्क इमारत बांधतायत. गोल बुरूज, शिडी लावलेली, एक भूत गारा वाहून वर चाललंय, दुसरं थरावर थर चढवतंय. काम व्यवस्थित, भिंत ओळंब्यात. अख्ख्या चित्रात मन लावून, एकमेकांना न मारता, मिळून काम करणारी ही एवढीच मंडळी! नरकाला जागा कमी पडतेय, वाढीव बांधकाम चालू आहे, आणि गाडी येतेय म्हटल्यावर घाई आहे. मी तिथं मोठ्यानं हसलो, एका बाईंनी वळून बघितलं. बॉश तेरा-चौदा वर्षांचा असताना, १४६३ मध्ये, त्याच्या गावाला मोठी आग लागली होती. मागच्या ज्वाळांचा रंग बघितला की तो पोरगा त्या रात्री जागा होता हे पटतं.

दारं मिटल्यावर पाठीवर जे चित्र दिसतं ते मी मुलाच्या संगणकावर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर नीट बघितलं. एक वाटसरू, पाठीवर करंडी, हातात काठी. काटेरी पट्टा घातलेलं कुत्रं त्याच्या अंगावर येतंय. त्याच्यामागे चोरांनी एकाला झाडाला बांधून लुबाडायला घेतलंय, दुसरीकडे एक जोडपं पिपाणीच्या तालावर नाचतंय, दूर टेकडीवर फाशीचा खांब. वाटसरू काठीनं कुत्र्याला अडवत पुढे चाललाय. बांधलेल्या माणसाकडे तो बघत नाही. मुलगा म्हणाला, "हा सज्जन माणूस असावा, मोहापासून दूर चाललाय." मी म्हणालो, "मग थांबून दोरी का सोडत नाही?" त्यावर आमचं जेवण होईपर्यंत चाललं. सून म्हणाली, "चोर चार, हा एकटा, काय करणार?" तेही खरं. मी ३१ वर्षं हेच म्हणत होतो.

एस्कोरियालच्या मठातल्या होसे दे सिगुएन्सा नावाच्या साधूनं १६०५ मध्ये बॉशविषयी लिहून ठेवलंय की बाकीचे चित्रकार माणूस बाहेरून जसा दिसतो तसा काढतात, यानं एकट्यानं तो आतून जसा आहे तसा काढायचं धाडस केलं. त्या काळी बॉशवर पाखंडाचा संशय घेणारे लोक होते, त्यांना उत्तर म्हणून त्यानं हे लिहिलं. योगायोग बघा: हा साधू जेरोनिमो पंथाचा, बॉशचं नाव हिएरोनिमस म्हणजे तेच, आणि आम्ही संग्रहालयात शिरलो ते दारही लोस जेरोनिमोस नावाचं, शेजारच्या चर्चवरून पडलेलं. तीन ठिकाणी एकच संत.

दुसऱ्या खेपेला आम्ही तिकीट काढून गेलो, सकाळी दहाला दार उघडताना. माझा आग्रह होता. ही म्हणाली, "एकाच चित्रासाठी परत तीस युरो?" पण आली. खरं सांगायचं तर मला त्या खुर्चीतल्या माणसाकडे एकट्यानं, नीट बघायचं होतं. सकाळी दालन जवळपास मोकळं असतं, पहिली वीस मिनिटं तर आम्ही दोघं आणि राखणदार. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी सकाळीच जावं. दुसऱ्यांदा बघताना मला एक दिसलं जे आधी निसटलं होतं: एक जोगीण निळ्या कपड्यातल्या पिपाणीवाल्याला थोडं गवत देऊ करतेय. म्हणजे पोत्यातलंही कुणी कुणाला देतं, आणि तेही काहीतरी मिळावं म्हणून. मी साधूच्या तोंडाकडे बघत राहिलो. दुष्ट चेहरा नाही हो. जेवण झालेल्या माणसाचा चेहरा आहे.

उणं काढायचं तर चित्रातच काढतो. ख्रिस्त फार लहान आहे. मुद्दाम असेल, पण चष्मा विसरलेल्या माणसाला तो ढगाचा भाग वाटतो. दुसरं, मधल्या फळीवर इतक्या गोष्टी एकाच वेळी चालल्यात की पहिल्या पाच मिनिटांत माणूस नुसता भांबावतो आणि 'मजेशीर जुनं चित्र' म्हणून पुढे निघतो. मी बघितलं, बहुतेक जण तसेच निघाले. निदान अर्धा तास द्यायची तयारी नसेल तर बागेपुढेच गर्दी करा. बरोबर दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर न्या, बिनधास्त न्या, पण गळा चिरणाऱ्यापाशी 'हा असं का करतोय' या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. माझ्याजवळ अजून नाही.

हे चित्र २०१५-१६ मध्ये साडेचारशे वर्षांत पहिल्यांदा स्पेनबाहेर पडून मायदेशी गेलं होतं, आधी रॉटरडॅमला, मग देन बॉसला. देन बॉसच्या त्या प्रदर्शनाला चार लाखांवर लोक आले. तेवढी माणसं गाडीभोवती जमली म्हटल्यावर बॉशनं आणखी एक फळी रंगवली असती.

परत आल्यावर मी इंटरनेटवरून या चित्राची कॅनव्हासवरची छपाई मागवली. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, पण छपाईविषयी लिहितो, कारण कुणी तरी मागवणारच. गवताचा मूळ रंग जुन्या सोन्यासारखा, तो यात लिंबासारखा पिवळा झालाय. बाजूची दारं नाहीत, फक्त मधली फळी, आणि चौकटीत बसावी म्हणून ती वरून कापलेली. उघडून बघतो तर ख्रिस्त गायब. तक्रार केली. समोरच्या मुलानं फोनवर विचारलं, "काका, नक्की काय कापलं गेलंय?" मी सांगितलं. तो म्हणाला, "ते वरचं? त्यात तर नुसते ढग होते." निम्मे पैसे परत मिळाले, छपाई ठेवून घ्या म्हणाले.

हिनं ती बैठकीत लावली, टीव्हीच्या शेजारी. खालचा भाग शाबूत आहे. धुणारी बाई आहे, वैदू आहे, खुर्चीवाला बरोबर माझ्या खुर्चीच्या उंचीला आलाय. देवदूतही राहिलाय, गुडघ्यावर, हात जोडून, मान वर करून. तो बघतो तिथं आता ट्यूबलाइट आहे, आणि संध्याकाळी तिच्यामागे पाल येऊन बसते.